साडूंचा समुद्र

बडोद्याला समुद्र नाही, ही गोष्ट आमच्या साडूंनी जितकी मनाला लावून घेतली आहे तितकी हे शहर वसवणाऱ्यांनीही घेतली नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात दांडिया बाजारात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांच्या दिवाणखान्यात, पूर्वी जिथे टीव्ही होता तिथे, दीड हात लांबीची एक काचेची टाकी आहे. तिच्यात खारं पाणी आहे, थोडे दगड आहेत आणि एक मासा आहे. बाकीचं घर त्या माशाच्या सोयीने चालतं. तिथे डासांचा फवारा मारत नाहीत, उदबत्ती लावत नाहीत, फोडणीच्या वेळी दिवाणखान्याचं दार लोटून घेतात. तुम्ही गेलात तर 'या, बसा' म्हणायच्या आधी साडू विचारतील, "सेंट लावून आलात का?" लावलं असेल तर व्हरांड्यात बसायचं. चहा तिथे मिळतो.

या खुळाचा दोष घरातले लोक कधी मोबाइलवरच्या व्हिडिओंना देतात, कधी निवृत्तीला. खरा दोषी मी आहे. ही गोष्ट मी घरात कधी बोललेलो नाही. बोलणं हा माझा प्रांतच नव्हे. पण लिहिता बरं येतं, म्हणून लिहून टाकतो.

साडू जन्मभर नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात सांडपाण्याच्या विभागात होते. कारखान्यातून येणारं पाणी तपासायचं, त्यात चुना वगैरे जे घालायचं ते घालायचं, आणि बाहेर सोडण्याच्या लायकीचं झालं की सोडायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे पाणी दिसलं की त्यांना गप्प बसवत नाही. लग्नाच्या पंगतीत ते पेला उजेडाकडे धरून बघतात आणि मुलीच्या बापाला बाजूला घेऊन काहीतरी सांगतात. बाप घाबरतो, त्याला वाटतं मुलाकडचं काही निघालं. साडूंच्या लेखी फक्त पाण्यात क्षार निघालेले असतात. दुसरी खोड म्हणजे, स्वतःला सुचलेली कल्पना आणि दुसऱ्याने सांगितलेली कल्पना यांत ते फरक करत नाहीत. सोमवारी तुम्ही सांगितलेलं बुधवारी ते तुम्हालाच सांगतात, आणि वर म्हणतात, "तुम्हाला नाही कळणार, पण ऐका." आमच्या मुलीचं नाव आम्ही ठरवून त्यांच्या कानावर घातलं होतं. बारशाला त्यांनी ते आम्हाला सुचवलं आणि आम्ही मान्य केलं म्हणून आमचं कौतुकही केलं.

असा माणूस निवृत्त झाला आणि रोज सकाळी चहा घेऊन माझ्याकडे येऊन बसू लागला. मी घरीच लोकांची इन्कमटॅक्सची कामं करतो. पुढच्या खोलीत एक टेबल, एक कपाट आणि समोर दोन खुर्च्या. त्यातली खिडकीकडची साडूंनी घेतली ती घेतलीच. दुपारी जेवायला जायचे, वामकुक्षी करून परत यायचे. माझ्या फायली ते उलट्या बाजूने वाचायचे आणि आकडा चुकला की जिभेने चक् करायचे. वाघोडियाहून एक शेठ यायचे, डोक्यावर केस नाहीत. त्यांच्याकडे टक लावून बघत साडू म्हणाले, "तुमच्याकडे बोअरचं पाणी ना? वाटलंच." शेठने मला हळूच विचारलं, "आ काका तमारा पार्टनर छे?" मी नाही म्हटलं. "तो पछी आटलुं बोले छे केम?" मग इतकं का बोलतात, हे मलाही कळून घ्यायचं होतं. बायकोकडे कुरकुर केली तर ती म्हणाली, "मग सांगा ना भाऊजींना तोंडावर." तेच तर मला येत नाही. मला तोंडावर काही सांगता येत नाही, म्हणून मी मागून करतो.

एका रविवारी मी शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. सांगायला लाज वाटते, पण मी दुकानदाराला सरळ विचारलं की, ज्यात माणूस दिवसभर घरात अडकून पडेल असं काय आहे तुमच्याकडे? त्याला हा प्रश्न अजिबात विचित्र वाटला नाही. म्हणाला, "मीठा पानी तो कोई भी कर लेता है. खारा पानी में आदमी फँसता है, साहब. फिर घर से नहीं निकलता." दुसऱ्या दिवशी साडू खुर्चीत स्थिरावल्यावर मी फायलीतून मान वर न करता म्हटलं, "काल एक दुकानदार सांगत होता, समुद्राचे मासे घरी पाळणं बडोद्यात कुणाला जमत नाही. पाण्याचं फार बघावं लागतं म्हणे." साडूंनी कप खाली ठेवला. बुधवारी दारातच उभे राहिले. "मी एक ठरवलंय," म्हणाले. "तुम्हाला नाही कळणार, पण ऐका." मी ऐकलं. त्यानंतर ती खुर्ची रिकामी झाली.

खाऱ्या पाण्याचं पहिलं शास्त्र असं, की त्यात मासा सगळ्यात शेवटी येतो. आधी खास मीठ आणून शुद्ध पाण्यात विरघळवायचं, दुर्बिणीसारख्या एका नळीतून त्याचा खारटपणा बघायचा, समुद्रातले दगड मांडायचे, आणि मग थांबायचं. माशाची घाण पचवणारे जंतू पाण्यात आधी वाढावे लागतात, आणि ते वाढायला काहीतरी कुजावं लागतं. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, कालवणासाठी कोळंबी आणली होती. त्यातली चांगली मोठी बघून साडूंनी टाकीत कुजायला सोडली. "घरच्यांना मी मोजून वाढते," ताई म्हणाल्या, "आणि पाण्याला अख्खी." मग साडू रोज लहान कुपीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि जो रंग येईल त्याचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवायचे. 'आज हिरवा.' 'आज किंचित जांभळा.' माझी बायको न बघता हात जोडल्याचं चित्र पाठवून द्यायची. कुणी घरी गेलं तर त्याला टाकीसमोर बसवलं जायचं. समोर पाणी आणि दगड. पाहुणा थोडा वेळ शोधायचा आणि विचारायचा, "मासे कुठायत?" साडू म्हणायचे, "आधी पाणी." पाहुण्याला वाटायचं आपल्याला पाणी विचारताहेत. तो हो म्हणायचा आणि तसाच बसून राहायचा.

अशात पुण्याहून साडूंची मावशी आली. तिने दिवाणखान्यात पाऊल टाकलं, काचेतलं निर्मळ पाणी पाहिलं, त्यातले जुनाट दगड पाहिले, पाण्यावर पडलेला निळसर दिवा पाहिला आणि चप्पल बाहेर काढून आली. "कुठल्या तीर्थाचं रे?" म्हणाली. साडूंना पाण्याबद्दल कुणी आपणहून विचारल्याचा इतका आनंद झाला की ते औषधाच्या कुप्या आणायला आत धावले. तेवढ्यात मावशीने कनवटीचं एक जुनं नाणं काढून भक्तिभावाने टाकीत सोडलं. नाण्यात तांबं असतं आणि समुद्रातल्या बारीक जिवांना तांबं म्हणजे विष. साडू आले ते शर्टाच्या बाह्यांसकट टाकीत उतरले. नाणं निघालं, पण त्यांचा पाण्यावरचा विश्वास गेला. त्यांनी सगळं पाणी ओतून दिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, दुसऱ्या कोळंबीसकट. आपण दक्षिणा ठेवली म्हणून भाच्याने तीर्थ मोरीत का ओतलं, हे मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग उन्हाळा आला. बडोद्याच्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी समुद्रासारखं राहत नाही, तेव्हा दिवाणखान्यात ए.सी. बसला. ताई लग्नापासून ए.सी. मागत होत्या. त्यांना "पंखा पुरतो" हे उत्तर मिळत आलं होतं. आता टाकीत एकही मासा नसताना तिच्यासाठी ए.सी. आला आणि ताई उन्हाळाभर पाण्याच्या पाहुण्या म्हणून त्या खोलीत झोपल्या. पुढे गणपती आले. गणपती वर्षानुवर्षं टीव्ही हलवून त्याच कोपऱ्यात बसायचा. या वेळी तो जेवणघरात गेला आणि कापूर-धूप बंद झाला, कारण धूर पाण्यात उतरतो. बिनकापराची आरती म्हणताना सगळ्यांचे आवाज खाली आले होते. आरती संपल्यावर ताईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "तुम्ही बोला त्यांच्याशी. तुमचं ऐकतात ते. देवाला बाहेर काढायची वेळ आली. आणि हे खूळ यांच्या डोक्यात ज्याने कुणी घातलं ना, तो मला एकदा भेटू दे." मी हातातला मोदक ताटात परत ठेवला. "का हो, गोड नाही झाला?" असंही त्यांनी विचारलं.

पण माझी खरी अडचण वेगळीच होती. मला हवी होती ती शांतता मला मिळाली होती आणि ती मला चालेना. मी मुळात अबोल. आमच्या घरात जे काही बोलणं व्हायचं ते साडूंचं होतं, हे मला ते येईनासे झाल्यावर कळलं. आकडा चुकला तरी कुणी चक् करत नव्हतं, त्यामुळे मी तोच आकडा दोनदा तपासायला लागलो. वाघोडियाचे शेठसुद्धा खिडकीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "पेला काका नथी आवता?" ते काका येत नाहीत का, म्हणून. बायकोने एकदा चहा ठेवता ठेवता विचारलं, "हवं होतं ना तुम्हाला असं?" ती काय समजून आहे हे मी तिला विचारलं नाही.

मासा आला तो दिवाळीनंतर. नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटाएवढा. त्याला पाण्यात सोडायचा समारंभ बघायला साडूंनी फक्त मला बोलावलं होतं. मासा दगडाभोवती एक चक्कर मारून आला आणि आमच्याकडे तोंड करून थांबला. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "दुकानदार तर महिन्या-दीड महिन्यात मासा सोडा म्हणत होता. एवढा वेळ कशाला लावलात?" साडू काचेवरचा डाग पुसत राहिले. मग म्हणाले, "नोकरीभर मी पाणी फेकून द्यायच्या लायकीचं करत आलो, साडूभाऊ. यात कुणी राहील का, असं मला कुणी कधी विचारलं नाही." डाग गेला होता तरी ते पुसत होते. "मलाही विचारावंसं वाटलं नाही." मी घरी आलो तेव्हा मला जेवण गेलं नाही. ज्याची मी खोडी काढली होती तो माणूस माझ्या खोडीतून हे करून बसला होता.

पुढच्या पावसाळ्यात विश्वामित्री नदी गावात शिरली. वीज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंचा फोन आला. "इन्व्हर्टरने मान टाकली. पंप बंद आहे. पाणी हललं नाही तर मासा गुदमरेल. तुम्ही या, हाताने ओतायला माणूस हवा." मी म्हटलं, "रस्त्यात पाणी आहे. पुढे मगर दिसली म्हणतात." साडू म्हणाले, "मगरीला गोडं पाणी चालतं. तिची काळजी करू नका, तुम्ही या." मी प्रत्येक ओंडक्याकडे नीट बघत गेलो. गेलो तर टाकीपाशी ताई स्टुलावर बसलेल्या, हातात स्टीलचा पेला. टाकीतलं पाणी घ्यायचं, उंच धरायचं आणि परत टाकीत सोडायचं. "माझे हात गेले," त्या म्हणाल्या, "धरा आता." उठताना माशाला म्हणाल्या, "मेल्या, जग," आणि आत चहा टाकायला गेल्या.

एका बाजूला साडू, दुसऱ्या बाजूला मी. पाणी घ्यायचं, ओतायचं. मासा तळाशी एका कोपऱ्यात कल्ले हलवत होता, भराभर. त्याच्याकडे बघता बघता मला वाटलं, हा आता मेला तर मी कुठल्या तोंडाने इथे उभा राहू. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तोंडावर बोललो. सगळं सांगितलं. रविवार, दुकानदार, काय विचारलं ते, सोमवारी मुद्दाम काय बोललो ते. आत ताईंना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होतो.

साडूंचा पेला थांबला नाही. ते म्हणाले, "उंचावरून ओता. बोलताना तुमचा हात खाली येतोय."

मी हात वर केला.

"माझा कंटाळा यायचा ना तुम्हाला?" साडू म्हणाले.

मी हो म्हटलं.

"मलाही यायचा," ते म्हणाले, आणि पेला पाण्यात बुडवला.

दुपार कलल्यावर वीज आली. पंप घरघरला. मासा थोड्या वेळाने कोपरा सोडून वर आला आणि काही झालंच नाही अशा तोऱ्यात दगडाभोवती फिरू लागला. साडूंनी लगेच कुपी काढली आणि थेंब मोजायला घेतले. मी तिथे आहे हे ते विसरले होते.

आता मीच सकाळची एक चक्कर त्यांच्याकडे मारतो. टाकीतलं पाणी उडून कमी होतं, तेवढी गोड्या पाण्याची भर घालायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी मी मिठाचं पाणी घेतलं होतं, तेव्हा साडूंनी जिभेने चक् केलं. "पाणी उडतं, साडूभाऊ. मीठ जागच्या जागी राहतं." ते माझ्याकडे येत नाहीत, त्यांना वेळ नाही. आकडे मी अजून दोनदा तपासतो.

परवा माझी बायको आणि मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. वरच्या खोलीत उदबत्ती लावून आल्याबद्दल ताईंना नुकतीच बोलणी बसली होती. वाढता वाढता त्या म्हणाल्या, "मला एकदा कळू दे, हे खूळ यांच्या डोक्यात घातलं कुणी." माझा घास हातात राहिला. बायको माझ्याकडे बघत होती.

साडू आमटी भुरकत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणी घालायला कशाला हवं?" ते म्हणाले. "माझीच कल्पना होती ती. तुम्हाला नाही कळणार."