एका सेकंदातला चौथा

"हा फोटो AI चा नाही कशावरून?" तालुक्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी माझा मोबाइल परत सरकवला. "निगेटिव्ह आणा, मग बघू."

रिसॉर्टच्या रस्त्यासाठी देवराई तुटत होती. राईतल्या झऱ्यावर आमच्या वाडीच्या विहिरी जगतात. आणि यांना निगेटिव्ह हवी!

मी लग्नांचे फोटो काढून पोट भरते, उरलेल्या वेळात चळवळीची पत्रकं काढते. जुना कॅमेरा काढला, ISO 800 चा ब्लॅक अँड व्हाइट रोल भरला. ही हाय-स्पीड फिल्म. कमी उजेडात भागवते, बदल्यात फोटोत रव्यासारखे दाणे येतात. अर्धा रोल सकाळी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांवर संपवला. उन्हात शटर सेकंदाचा हजारावा भाग. उडालेला थेंबही हवेत गोठतो.

राईच्या तोंडाशी शेजारची सुलूकाकी थांबली. "चपला काढ गो. नि आदी देवाक गाराणा घाल."

"गाऱ्हाणं तहसीलदाराला घालून झालंय, काकी."

बाहेर भर दुपार, आत तिन्हीसांज. करवत ओरडत होती. बाकी एक पक्षी नाही, पान हलत नाही. तिघे जण कापत होते. कॅमेरा जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे बुटक्या दगडी कुंपणावर टेकवला. पहिली फ्रेम: अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं भोक, पूर्ण उघडं, शटर साठावा भाग. तिघांचे चेहरे स्वच्छ, मागची राई विरघळलेली. दुसरी: भोक बारीक, शटर पूर्ण एक सेकंद. जवळचं-लांबचं सगळं खणखणीत, पण हलणारी माणसं धूर होऊन जातात.

रोल धुतला, निगेटिव्ह आणि प्रिंट घेऊन गेले.

"माणसं दिसतात, पण जागा कुठली?"

"जागा दुसऱ्यात आहे, साहेब."

"त्यात माणसं कुठायत?"

दोन फोटो शेजारी ठेवून बघायला कुठला नियम आडवा येतो, देव जाणे! चिडून दुसरा फोटो पत्रकावर मोठा करून छापला, घरोघर वाटला.

दोन दिवसांनी करवतवाला पत्रक घेऊन दारात. कपाळावर घाम.

"बाय, आमी तिगाच होतव ना?"

"हो. हा धूर तुमचाच."

"मगे ह्यो कोण?"

छोट्या प्रिंटवर मी फक्त कापलेले बुंधे बघितले होते. आता भिंग लावलं. पलीकडच्या झाडाला टेकून कुणीतरी उभं. पांढरे कपडे. सेकंदभर जराही न हललेलं. चेहऱ्याच्या जागी नुसते दाणे. पहिल्या फ्रेममध्ये नेमकी तीच जागा विरघळलेली. आणि राईत उभी असताना मला तिथे कुणीही दिसलं नव्हतं.

"साल सोललेलं खोड असेल."

"थंय सोललेला काय नाय, बाय. त्या झाडाक आमी उद्या हात घालणार होतव."

त्यानंतर करवत वाजली नाही. ठेकेदाराला माणसंच मिळेनात. वाडी म्हणते, तो राईचा राखणदार. माझा अर्ज अजून ऑफिसात विचाराधीन आहे. झरा वाचला, पण कायद्याने नाही, याचा राग जात नाही.

धंद्यापुरता धडा: जागा आणि माणूस दोन्ही हवेत तर आणखी वेगवान फिल्म भरा, भोक मधलं ठेवा. आणि शटर दाबण्याआधी माणसं मोजा.