काकूंच्या गॅरेजातली बंदूक

गॅरेजच्या दारापाशी आलं की शेजारच्या काकू ओठांवर बोट ठेवायच्या. "हळू गं. झोपलीय ती. झोपू दे."

पहिल्या वेळी मला वाटलं, मांजर असेल. इकडे परदेशात, अप्पर हटला, आमच्या गल्लीत घरटी एक मांजर आहेच. आत डोकावले तर भिंतीला बोल्ट मारून जखडलेलं एक अरुंद लोखंडी कपाट, आणि त्यात काकांची रायफल. काका इथले डॉक्टर. कुणा म्हाताऱ्या शेतकरी पेशंटच्या नादाने हरणाच्या शिकारीला जायला लागले आणि रीतसर लायसन्स काढून बसले. आमच्या पुण्याच्या घरात शस्त्र म्हणजे विळी आणि अडकित्ता. त्यामुळे त्या कपाटावरून जाताना मीही माझ्या जँडल्स, म्हणजे सपाता, वाजू देत नसे.

काकू भित्र्या होत्या असं मात्र समजू नका. भूकंपाचा हादरा बसला की आम्ही टेबलाखाली शिरायचो आणि ही बाई आधी गॅस बंद करून यायची. फुटपाथच्या एका उखडलेल्या फरशीवरून त्यांनी कौन्सिलच्या माणसाला असा काही फैलावर घेतला होता की तो पुढे रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. भीती फक्त त्या कपाटाची. खंडेनवमीला काका म्हणायचे, "बाहेर काढतो, हळदकुंकू लाव." काकू म्हणायच्या, "नको, दारालाच लावते." विळी ताम्हनात, अडकित्ता ताम्हनात, आणि बंदुकीला बाहेरूनच नमस्कार. कपाटाच्या दारावरचा तो पिवळा-लाल ठिपका वर्षभर दिसत राही.

त्यांना मूलबाळ नव्हतं. काकांचा एक पुतण्या शिकायला म्हणून इथे आला आणि समुद्रापलीकडे दक्षिण बेटावर रिकार्टनला राहिला. लग्न झालं, नोकरी लागली. काकांनी त्याला शिकारीची गोडी लावली, त्यानेही लायसन्स काढलं. स्वतःची बंदूक मात्र घेतली नाही, काकांचीच वापरायचा. शेवटच्या आजारात काकांनी काकूंना सांगितलं, "ती पोराला दे. आठवण म्हणून." काकूंनी मान डोलावली. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं?

काका गेले आणि कार्य आटोपल्यावर काकू माझ्या फार्मसीच्या काउंटरशी येऊन उभ्या राहिल्या. औषध काही नको होतं. इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "अगं, लायसन्स त्यांचं होतं. आता ती माझ्या घरात आहे. मला पकडतील का?"

मलाही ठाऊक नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून पोलिसांना फोन केला. बोलत मी होते. एक उंच, सौम्य पोलीस आला, "किया ओरा" असा इथला नमस्कार केला, बूट काढू का म्हणून विचारलं. कळवलंत हे उत्तम केलंत, म्हणाला. तुमचं ठरेपर्यंत बंदूक आमच्याकडे राहील. पुतण्याला भेट द्यायची तर देता येईल, पण त्याचं लायसन्स चालू आहे का ते आधी तपासायचं, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची नोंद करायची, आणि समुद्र ओलांडताना बंदुकीचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा भाग, काढून ठेवायचा आणि फेरीबोटवाल्यांना आधी सांगायचं. द्यायची नसेल तर आम्ही नष्ट करू. "युअर कॉल," असं म्हणून तो बंदूक घेऊन गेला.

मी सुटकेचा निःश्वास टाकला. काकू तशाच बसून होत्या.

"कागदोपत्री सगळं बसतंय की काकू," मी म्हटलं.

"बसतंय गं. लायसन्स काढताना पोलिसांनी त्याच्या बायकोलाही विचारलं होतं, या माणसाच्या हातात बंदूक चालेल का म्हणून. ती हो म्हणाली होती. आता ती आहे कुठे?"

बायको त्याला सोडून गेली होती, हे मला तेव्हा कळलं. तो वेळी-अवेळी काकूंना फोन करायचा आणि बोलायचा नाही. "नुसता श्वास ऐकू येतो," काकू म्हणाल्या. "विचारलं तर म्हणतो, झोप लागत नाही काकू, बाकी सगळं मजेत, स्वीट अ‍ॅज. माझ्या काळजाचं पाणी होतं."

अशी गिऱ्हाइकं मी काउंटरपलीकडून पाहिली आहेत. तुम्हीही पाहिली असतील. हसून बोलतात आणि डोळे लाल असतात.

नवऱ्याचा शेवटचा शब्द मोडायचा आणि या देशात उरलेलं एकुलतं एक आपलं माणूस दुखवायचं, की त्याच्या हातात बंदूक द्यायची, असं ते कोडं होतं. काकू चार दिवस धड जेवल्या नाहीत. पाचव्या दिवशी मला गाडी काढायला लावून पोलीस स्टेशनला गेल्या आणि सांगितलं, नष्ट करा. "शुअर?" "शुअर." त्यांनी सही केली तेव्हा मी त्यांचं कोपर धरलं होतं.

फोनवर सांगितलं तेव्हा पुतण्याने फोन आपटला. दोन दिवसांनी फेरीबोट पकडून थेट दारात. मी तिथेच होते.

"काकांनी मला दिली होती ती! तू कोण नाही म्हणणारी?"

"मी घाबरलेली बाई आहे," काकू म्हणाल्या. "तू फोन करतोस आणि बोलत नाहीस. तुझ्या हातात ती द्यायची मला भीती वाटली. काय बोलायचं ते बोल मला."

तो पायरीवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मी हळूच माझ्या घरी आले. बऱ्याच वेळाने पाहिलं, तर काकू त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमटीभात घेऊन गेले. काकूंनी दार किलकिलं केलं, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलाय तो. झोपू दे."

सोफ्यावर तो बुटांसकट आडवा झाला होता. महिनाभर राहिला. मी त्याला इथल्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. पहिल्या वेळी काकू सोबत गेल्या. एका महिन्यात सगळं निवळलं असं नाही. पण परत गेल्यावर दर रविवारी सकाळी काकू त्याला फोन करायच्या आणि आधी एकच विचारायच्या, "झोप लागते ना रे?"

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. घर विकलं गेलं. नव्या लोकांनी गॅरेज रंगवलं, कपाट भंगारात दिलं. त्याच्या दारावर तो ठिपका तेव्हाही होता. रविवारचा फोन तेवढा माझ्याकडे आला. कुणी सोपवला नाही, मीच घेतला. काकूंची भीतीही त्या फोनबरोबर माझ्या घरी आली आणि मला तिच्याबद्दल तक्रार नाही.

परवाच्या रविवारी पुतण्याने फोन उचलला नाही. परत लावला, परत नाही. चहा गार झाला. त्याच्या शेजाऱ्यांचा नंबर माझ्याकडे का नाही म्हणून मी स्वतःवर चिडले, उगाच ओटा पुसला, विमानाच्या वेळा बघत बसले. दुपारी फोन वाजला आणि माझ्या हातून फडकं पडलं.

"सॉरी ताई," तो म्हणाला. आवाज जड होता. "झोपलो होतो."