एका बिअरचं माप

गुड फ्रायडेच्या सकाळी एल्मीर मेनार शेडमध्ये गेली, तेव्हा भिंतीवरचा खिळा मोकळा होता.

त्या खिळ्याला वल्हं टांगलेलं असायचं. सायप्रसच्या लाकडाचं, सासऱ्यांच्या जुन्या होडीतलं, उकळत्या पाण्याने काळं पडलेलं. एकतीस वर्षं या घरचा क्रॉफिशचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या नांगीवाल्या झिंग्यांचा, हंडा त्याच वल्ह्याने ढवळला जात होता. एल्मीरने खिळ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर. अंगणात पेकानच्या झाडाखाली तिचा दीर क्लेबेर वल्हं खांद्यावर टाकून उभा होता, भालदारासारखा. शेजारी त्याची नवीकोरी गॅसची शेगडी आणि नवा ॲल्युमिनियमचा हंडा.

"शेडला कुलूप नव्हतं, वहिनी," तो म्हणाला. "म्हटलं, तुला कशाला त्रास."

"माझा हंडा कुठेय?"

"तो राहू दे. याच्यात दोन पोती एकदम मावतात. तीनला चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेची प्रार्थना आहे, त्याआधी चाळीस माणसं जेवली पाहिजेत. तू आत जाऊन बटाट्याचं सॅलड बघ."

एल्मीर आत जायला वळली. युलिसला जाऊन सहाच महिने झाले होते. नवऱ्यामागे पहिल्याच गुड फ्रायडेला अंगणात भांडण नको, असं तिने रात्रीच स्वतःला बजावलं होतं. पण क्लेबेर थांबला नाही.

"आणि ऐक, पुढच्या वर्षीपासून माझ्याकडे करू. सिमेंटचा मांडव आहे, पंखे आहेत. तू नुसतं यायचं, बसायचं, खायचं. हंड्याची काळजी नको. युलिसने मला सगळं सांगून ठेवलंय. इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात."

"काय सांगितलं?"

क्लेबेरने डोळा मारला. "त्याचं माप. गॅस बंद करायचा, एक बिअर उघडायची. बिअर संपली की हंड्यातली जाळीची टोपली वर."

एल्मीरच्या डोक्यात अशी तिडीक गेली की ती सरळ स्वयंपाकघरात निघून गेली आणि बटाटे सोलायच्या ऐवजी तासायला लागली.

एक बिअर. मेला तो मेला, आणि जाताना तिचं काम भावाच्या हवाली करून गेला. तेही अर्धवट.

एल्मीर चौसष्ट वर्षांची होती. लग्न झाल्यापासून पहाटे पाचला उठून ती भातखाचरांतल्या तळ्यांत सापळे उपसायला जायची. युलिस बोट हाकायचा. सापळा उचलणं, ओतणं, आमिष भरणं, परत रोवणं ही सगळी कामं तिची. दिवसाला चारशे सापळे. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नव्हती. तेवीस वर्षांपूर्वी बोट बांधावर चढवताना युलिस मागच्या मागे पडला आणि डोकं लोखंडी कडेवर आपटलं. जखम महिन्याभरात भरली. वास आणि चव मात्र गेली ती गेलीच. कॉफी की गरम पाणी, त्याला कळत नव्हतं.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला होता. "क्लेबेर मला जन्मभर हसेल."

क्रॉफिश शिजवायला चव लागत नाही. उकळी आल्यावर तीन मिनिटं, घड्याळ लावून, कुणालाही जमतं. खरं काम गॅस बंद केल्यावर सुरू होतं. गरम असतात तोवर कवचाखालच्या हवेमुळे ती वर तरंगतात. पाणी निवत गेलं की हळूहळू मसाल्याचं पाणी आत ओढून घेतात आणि जड होऊन तळाला जातात. कधी वीस मिनिटं लागतात, कधी पस्तीस. वाऱ्यावर आहे, हंड्यावर आहे, कवच किती टणक झालंय त्यावर आहे. मधेमधे एखादं सोलून चाखायचं, दुसरा उपाय नाही.

म्हणून त्या दोघांनी ठरवलं. गॅस बंद झाला की ती बाहेर यायची, युलिसच्या हातात बिअरचा डबा द्यायची आणि जाता जाता टोपलीतलं एक उचलून तोंडात टाकायची. मग दर पाच-सात मिनिटांनी येऊन आणखी एक चाखायची. अजून वेळ असला की म्हणायची, "पितोयस का अजून?" झालं असलं की म्हणायची, "आण तो डबा इकडे." मग युलिस टोपली उचलायचा, माणसं टाळ्या वाजवायची. लोकांच्या डोळ्यांना काय दिसायचं? नवऱ्याला एक बिअरसुद्धा सुखाने पिऊ न देणारी कजाग बाई, वर चोरून खाणारी. तेवीस वर्षं तिने ते ऐकून घेतलं. क्लेबेरच्या तोंडून सगळ्यात जास्त.

साडेबाराला पहिली टोपली वर आली. खिडकीतून तिने पाहिलं: क्लेबेरने गॅस बंद केला, बिअरचा डबा उघडला, मान मागे टाकून चार घोटांत संपवला. वाफेने लाल झालेला चेहरा पुसला आणि टोपली उपसून वर्तमानपत्रं पसरलेल्या लांब मेजावर ओतली. लालभडक ढीग, मका, बटाटे. दिसायला एकदम झकास.

माणसं तुटून पडली आणि थोड्या वेळाने मंदावली. कुणीतरी मसाल्याचा डबा मागितला. तो हातोहात मेजाच्या टोकापर्यंत गेला. जो तो वरून तिखट भुरभुरवत होता. एल्मीर सॅलडचं पातेलं घेऊन दारात आली, तेव्हा युलिसची अठ्ठ्याऐंशी वर्षांची आत्या, ओदील आत्या, खुर्चीत बसून एक शेपटी चोखत होती.

"क्लेबेर," आत्या म्हणाली, "हे मसाल्यात उकडलंय की मसाल्याच्या शेजारी ठेवलं होतं?"

हशा पिकला. क्लेबेरचे कान लाल झाले. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि त्याला दारात वहिनी दिसली.

"वहिनी, मसाला तूच कालवला होतास ना? जुना होता वाटतं. होतं असं. सहा महिने तुझं कशात लक्ष नाही, आम्हाला कळतं ते."

दोन-तीन बायकांनी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. एल्मीरने पातेलं पायरीवर ठेवलं. तिच्या लक्षात आलं की ही गोष्ट आता अशीच सांगितली जाणार: बिचारीला नवऱ्यामागे मसालासुद्धा धड जमेना, म्हणून हंडा क्लेबेरकडे गेला. पुढच्या वर्षी ती त्याच्या सिमेंटच्या मांडवात, पंख्याखाली, सॅलडचं पातेलं मांडीवर घेऊन बसलेली असेल.

दुसऱ्या खेपेला उकळी फुटली होती. ती चालत गेली, घड्याळात तीन मिनिटं मोजली, वाकून गॅस बंद केला आणि पाणी लवकर निवावं म्हणून बर्फाच्या पेटीतला गोठलेला मका सगळाच्या सगळा हंड्यात ओतला. पाणी एकदम शांत झालं.

"अगं, काय करतेस?"

"वल्हं दे."

"वहिनी, माणसं बघतायत."

"बघू देत. वल्हं दे म्हटलं ना."

त्याने दिलं. दुसऱ्या हातातला डबा त्याने नुकताच उघडला होता. तोही तिने काढून घेतला आणि गवतावर रिकामा केला. मग बादली उलटी करून ती हंड्याशेजारी बसली.

"आता कुणी टोपलीला हात लावायचा नाही."

"किती वेळ?" क्लेबेर चिडला. "युलिस एका बिअरमध्ये..."

"युलिसला चव लागत नव्हती."

"काय?"

"तेवीस वर्षं. बोटीतून पडला तेव्हापासून. वासही नाही, चवही नाही. एक बिअर त्याला तीस-तीस मिनिटं पुरायची, कारण ती त्याला पाण्यासारखी लागायची आणि मी येऊन डबा मागेपर्यंत तो हातात धरून उभा असायचा. तुम्ही मला हसायचात ना, चोरून खाते म्हणून? मी चाखायची. प्रत्येक टोपली. माझ्या तोंडाने झालीय ती."

क्लेबेरचं तोंड उघडं राहिलं होतं.

"मेलेल्या माणसाबद्दल असं..." तो पुटपुटला.

"मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मी तेवीस वर्षं पाळला. तो मरताना तुला सांगून गेला आणि त्यात माझं नावसुद्धा घेतलं नाही. त्याच्यावरही राग आहे माझा. त्याची बाजू घ्यायला येऊ नकोस."

सात मिनिटांनी तिने एक उचललं, सोललं, चाखलं. नाही. पुन्हा सहा मिनिटांनी. नाही. लोक कुजबुजत होते. कुणीतरी घड्याळ पाहिलं. क्लेबेर झाडाला टेकून उभा होता आणि खरं म्हणजे तोही हंड्यात बघत होता. वर तरंगणाऱ्या लाल पाठी विरळ होत चालल्या. आधी कडेची क्रॉफिश बुडाली, मग मधली. सत्ताविसाव्या मिनिटाला वर फक्त लिंबाच्या फोडी आणि कांदे उरले.

तिने शेवटचं एक वल्ह्याने तळातून काढलं आणि चाखायच्या आधी ओदील आत्याला नेऊन दिलं. आत्याने शेपटी खाल्ली, डोकं चोखलं, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबली नाही.

"हे," ती म्हणाली. "हेच ते." मग बोटं चाटत क्लेबेरला म्हणाली, "उचल रे. टोपली उचलायला तेवढी तुझी पाठ चालेल."

क्लेबेरने उचलली. मसाल्याच्या डब्याला कुणी हात लावला नाही. तिसरी खेप झाली, अडीच वाजले, माणसं हात लिंबाने चोळून चर्चला निघाली. निघताना दोघीतिघी एल्मीरला काहीतरी बोलायला आल्या. तिने त्यांच्या हातात उरलेला मका दिला आणि वाटेला लावलं. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरवायची तिला घाईही नव्हती.

क्लेबेर शेगडी गाडीत चढवत होता.

"पुढच्या वर्षी..." त्याने सुरुवात केली.

"इथेच. माझ्या हंड्यात. दहाला ये, येताना मका गोठवून आण. आणि शेडचं दार उघडायच्या आधी घराचं दार वाजव."

त्याने मान हलवली. गाडीत बसला, पुन्हा उतरला.

"त्याला खरंच काहीच लागत नव्हतं?"

"एकदा भांडण झाल्यावर मी गंबोच्या रश्शात मीठच घातलं नाही. मुद्दाम."

"मग?"

"छान झालंय म्हणाला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं."

क्लेबेर हसला, आणि हसता हसता त्याने बाहीने नाक पुसलं. एल्मीर हसली नाही. तिने वल्हं नळाखाली खसाखसा धुतलं आणि शेडकडे न जाता स्वयंपाकघरात नेलं.