पडवीतली पाव्हणी

कोल्हारच्या छबूबाईंनी मातीत खोचलं आणि उगवलं नाही, असं कधी झालं नव्हतं. ऊस, जनावरांचा घास, दारची तगर, सगळं त्यांच्या हाताला ओळखायचं. म्हणूनच लेकीचं ते बोलणं त्यांना फार लागलं.

लेक निकिता पुण्याला नोकरीला. एका दिवाळीला तिनं आफ्रिकन व्हायोलेटचं एवढंसं रोप आणून पडवीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"पांढरी फुलं येतात याला. पण आई, तुम्हा उसवाल्यांचं हे काम नाही. वरून पाणी घालायचं नाही, खालच्या बशीत घालायचं, तेही माती सुकल्यावर. तुम्ही महिन्याभरात बुडवणार बघ त्याला."

"बघू," छबूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून ती कुंडी म्हणजे त्यांची अब्रू झाली.

अडचण रोपाची नव्हती, नवऱ्याची होती. गोरक्षनाथांनी जन्मभर उसाला पाट सोडलेले. कोरडी माती दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. सकाळी सूर्याला पाणी दिलं की तांब्यात उरलेलं ते वाया कशाला, म्हणून थेट व्हायोलेटच्या डोक्यावर.

"अहो, किती येळा सांगू? वरून न्हाई वतायचं!"

"मग काय बशीतून च्या पाजू तिला?"

"व्हय, बशीतूनच!"

"असली कसली गं ही पाव्हणी? अंगावर पानी पडलं की रुसती!"

पाव्हणी रुसलीच. मखमली पानं तपकिरी पडली, देठ बुडाशी सडले. छबूबाई दिवसभर भांडी आपटत राहिल्या. मग उरलेलं एक धड पान त्यांनी खुडलं, दुसऱ्या कुंडीत खोचलं आणि ती कुंडी पडवीच्या पार टोकाला, तांब्याच्या वाटेपासून लांब नेऊन ठेवली. पान कितीतरी दिवस नुसतं उभं होतं. मग त्याच्या पायाशी उंदराच्या कानाएवढी पानं फुटली. आणखी एक दिवाळी गेली, आणि थंडी सरता सरता कळ्या आल्या.

फुलं उमलली तेव्हा छबूबाई हातातलं काम सोडून बघत बसल्या. नुकत्या लागलेल्या दह्यासारखा पांढरा रंग, आणि मधोमध हळदीचे दोन ठिपके. त्यांनी निकिताला फोन लावला. "शिवरात्रीची सुट्टी हाय ना? ये. दावायचंय कायतरी."

शिवरात्रीच्या सकाळी कुंडीत नुसती पानं होती.

फुलं कुणी नेली असतील, हे छबूबाईंना लगेच कळलं. समोरच्या रतनबाई रोज परडी घेऊन छबूबाईंच्या दारची तगर खुडायच्या. देवासाठी फूल तोडायला कोणी कुणाची परवानगी घेत नाही.

"रतने, पडवीतली फुलं तू नेली?"

"नेली की. पांढरं फूल महादेवाचं. तुझ्याच नावानं वाह्यली, छबू."

"माझ्या नावानं? अगं, दीड वरीस जीव टांगणीला लावलाय मी!"

"मग तर लईच पुन्य लागलं तुला," रतनबाई म्हणाल्या आणि तगरीकडे वळल्या.

आता हिच्याशी भांडायचं तरी कसं? मधे महादेव उभा. तेवढ्यात निकिता बसमधून उतरून दारात आली. छबूबाईंनी तिला चप्पलसुद्धा काढू दिली नाही. मनगट धरलं आणि ओढतच देवळात नेलं.

गर्दीत वाट काढत दोघी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पोचल्या. बेलाच्या ढिगावर, तगरीच्या शेजारी, ती पांढरी फुलं अजून ताजी होती.

निकिता वाकून बघतच राहिली. "आई, व्हायोलेट? आपल्या घरचं?"

"उसवालीच्या घरचं," छबूबाई म्हणाल्या.

"जमलं गं तुला," निकिता हळूच म्हणाली. "माझं पुण्यातलं तर कधीच मेलं."

छबूबाईंचा चेहरा कुठे सैल होतोय, तोच रांगेतून एक ओळखीचा हात पुढे आला. हातात तांब्या, काठोकाठ भरलेला. फुलांच्या बरोबर डोक्यावर.

"अहो, वरून नका!" छबूबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की सगळं देऊळ वळून बघायला लागलं.

गोरक्षनाथ तांब्या तसाच धरून थांबले. "अगं, आता तरी वतू दे की!"