मामांच्या पेल्याची उंची

माझ्या मैत्रिणीच्या मामांइतक्या उंचावरून पाणी पिणारा माणूस कन्याकुमारीपर्यंत शोधून सापडायचा नाही. चेन्नईकडे पेल्याला ओठ न लावता वरून धार सोडतात, हे खरं. पण मामा पेला इतका वर धरत की कावळ्याला आधी चोच बुडवता यावी. श्रीपेरुंबुदूरच्या वाटेवर बस उसळत असताना ते वाफाळती कॉफीही तशीच पीत, आणि शर्टावर थेंब नाही! ताप आला तर थर्मामीटरसुद्धा हवेतूनच तोंडात सोडत असावेत. "आमच्या तंजावरच्या आजीची शिस्त," म्हणायचे, "ओठ लागला की पेला उष्टा!"

पुण्याहून आम्ही विद्यार्थी सेवा-सहलीला चेन्नईत गेलो, ते मामांच्या भरवशावर. तिथली गरिबी पाहायची, गोऱ्या-काळ्यांचा इतिहास समजून घ्यायचा आणि शहराच्या उत्तरेकडच्या एका वस्तीतली बालवाडी रंगवून द्यायची. मामांनी आधी उन्हात इतकं चालवलं की आमच्या चपलांना घाम फुटला. "इंग्रजांच्या किल्ल्यात गोऱ्यांचं गाव, भिंतीबाहेर काळ्यांचं. नकाशावर तसंच छापत, लाज नाही हो! आणि भिंत पडली म्हणता? शोधा, अजून कुठे कुठे उभी आहे ती."

बालवाडीची किल्ली वस्तीतल्या एका अम्मांच्या कमरेला. आधीचे पाहुणे नुसते फोटो काढून पसार झालेले, त्यामुळे अम्मा किल्ली द्यायला तयार नव्हत्या. रंगाचे डबे घेऊन परतायची वेळ आली. तरी दारी आलेल्याला पाणी द्यायचं म्हणून त्यांनी मामांपुढे पेला केला. "कुडिंग सार, प्या." आम्ही हळूच आपापल्या विकतच्या बाटल्या चाचपल्या. अम्मांनी ते पाहिलं आणि तमिळमध्ये काही बोलल्या. मैत्रिणीनं माझ्या कानात त्याचं मराठी केलं : "मी भांडी घासते त्या घरी माझा पेला वेगळा, मोरीपाशी. तुम्हीही वरूनच पिणार ना?"

मामांचा हात सवयीनं वर गेला. कपाळापर्यंत. तिथं थांबला आणि खाली आला. त्यांनी पेला ओठांना लावला. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या शर्टावर पाणी सांडलं; सराव कुठला असायला!

अम्मा खदखदून हसल्या. "अय्यो सार, एवढे मोठे झालात, पाणी पिता येत नाही!" हसता हसताच त्यांनी कमरेची किल्ली सोडली.

"बघता काय?" मामा आमच्यावर खेकसले. "प्या!" आम्ही त्याच पेल्यानं, एकामागून एक प्यालो.

भिंती आम्ही वाकड्यातिकड्याच रंगवल्या. अम्मांनी चालवून घेतल्या.

परवा, बऱ्याच वर्षांनी, चेन्नईत नुंगंबाक्कमला मामांकडे गेलो होतो. हात थरथरतो आता, पेला वर जात नाही. ओठ लावून घोट घोट पितात, थोडं सांडतंच. मी रुमाल पुढे केला तर हसले.

"अम्मांनी वेळेवर शिकवलं म्हणून बरं," म्हणाले. "नाहीतर आज तहानलेला राहिलो असतो."