‘माझ्याकडे दिसतंय!’

प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त केली की विसरून जाता येते. ती दुरुस्त करताना जे घडतं ते मात्र साठत जातं. गंगापूर रोडवरच्या आमच्या तीन माणसांच्या कंपनीत असं बरंच साठलंय. आम्ही तिघं म्हणजे मालक सर, टेस्टिंग करणारी वैशाली आणि कोड लिहून शिव्या खाणारा मी. दोन हजार सालानंतरची गोष्ट. द्राक्षबागायतदारांना मोबाइलवर हवामान आणि फवारणीचा सल्ला देणारी साइट आम्ही बनवत होतो. ती कुठल्याही फोनवर, कुठल्याही ब्राउझरमध्ये चालेल, असं सरांनी क्लायंटला आधीच सांगून टाकलं होतं. आम्हाला नंतर सांगितलं.

सरांचं टेस्टिंग सोपं होतं. खिशातून महागडा फोन काढायचा आणि म्हणायचं, “माझ्याकडे दिसतंय!”

“सर, शेतकऱ्यांकडे हा फोन नाही,” मी म्हणालो.

“मग घ्यायला सांगा त्यांना!”

ऑफिसात टेस्टिंगला फोन दोनच. म्हणून वैशाली देवळाली कॅम्पातल्या जुन्या मोबाइलच्या दुकानात गेली आणि दिसेल त्या फोनवर साइट उघडून पाहिली. प्रत्येकावर पान वेगळं! कुठे बटण गायब, कुठे अक्षरावर अक्षर. तिचा रिपोर्ट वाचून सर खूश झाले.

“व्हरायटी आहे म्हणा की!”

बऱ्याच फोनांवर मराठीच्या जागी नुसत्या चौकटी दिसायच्या. एका बागायतदाराचा वैशालीला फोन आला, “ताई, हे शब्दकोडं हाय का? आडवे शब्द कुठंयत?”

मग सरांच्या हुकमावरून आम्ही सगळी मराठी चित्रांत टाकली. नेटचे पैसे वाचवायला लोकांनी ब्राउझरमध्ये चित्रं बंद करून ठेवलेली. पान कोरं!

सर म्हणाले, “चौकटी तर गेल्या ना?”

एका ब्राउझरची पानं परदेशातल्या सर्व्हरवरून फिरून यायची. आमच्या साइटला वाटायचं, माणूस तिकडचाच. ती बिचारी तिकडचं हवामान दाखवायची. भर मार्चमध्ये फोन आला.

“दिंडोरीत बर्फ पडणार म्हणता. बागेवर काय मारू?”

शेवटी दिंडोरीत क्लायंटसमोर डेमो ठरला. साइट पसंत पडली नसती, तर कंपनीला कुलूप लागलं असतं. सरांनी समोर बसलेल्या एका बागायतदाराला, निवृत्तीभाऊंना, विचारलं. त्यांच्या हातात रबरबँड लावलेला साधा फोन.

“भाऊ, कशी चालते आमची साइट?”

“एक नंबर! रोज सकाळी बघतो. फवारणी एकदा चुकली नाय.”

क्लायंटने मान डोलावली. सरांनी माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं. “आणि आमचे हे म्हणतात, साध्या फोनवर चालणार नाही! भाऊ, जरा दाखवा सगळ्यांना.”

भाऊंनी ऐटीत एक बटण दाबलं आणि फोन कानाला लावला.

माझ्या शेजारी वैशालीची पर्स वाजायला लागली.