चालीखालचं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला साधी विडीसुद्धा कधी लपवता आली नाही. पापनिवेदनाला फादरपुढे किती वेळा गुडघे टेकले! राग सांगितला, आळस सांगितला. हे मात्र दरवेळी गिळलं. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? ठाऊक नाही.

तसं माझं उत्तम चाललंय. निर्मळ गावात वाडी आहे, केळी आहेत, सोनचाफा आहे. चाळीस वर्षं चर्चमध्ये व्हायोलिन वाजवलं, गायनमंडळ सांभाळलं. फादर बदलत गेले, मी तसाच — लोक चेष्टेने मला दरबारी गवई म्हणायचे, आणि खरं सांगू? मला ते आवडायचं. दोन्ही मुलांना मीच शिकवलं. मोठी अनिता, धाकटा नेल्सन. दोघांचे कान माझ्याहून तयार. नेल्सन आज नावाजलेला संगीतशिक्षक आहे, गावोगावचे लोक त्याला बोलावतात. अनिता शाळेत गणित शिकवते.

गणित — हो.

आमच्याकडे गावच्या सणाला दरवर्षी नवं गीत लागतं. ते गाऊन झालं की फादर चाल बांधणाऱ्याला वेदीपुढे बोलावतात, टाळ्या होतात. त्या वर्षी मला काही केल्या चाल सुचेना. एके सकाळी अनिता चाफा तोडताना गुणगुणत होती. दुसऱ्या ओळीत मध्येच थांबायची — फांदी खाली ओढायला — आणि मग सूर अलगद वर न्यायची. काय जागा होती ती! मी पाण्याची नळी हातातून सोडून ऐकत राहिलो. संध्याकाळी तिच्याकडून सगळं गाऊन घेतलं, कागदावर उतरवलं. खाली फक्त नाव लिहायचं राहिलं.

मी नेल्सनचं लिहिलं.

ती तेरा वर्षांची होती, तो नऊ. तेराव्या वर्षी चाल बांधली तर लोक छान म्हणतात आणि घरी जातात. नवव्या वर्षी बांधली तर तोंडात बोटं घालतात. मला ती बोटं हवी होती — आणि त्या मुलाचा बाप म्हणून मिरवायचं होतं. तिला म्हटलं, "अगं, तो लहान आहे, त्याला पुढे येऊ दे." ती "बरं, पप्पा" म्हणाली. वेदीपुढे नेल्सन कावराबावरा होऊन उभा राहिला. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या. मागच्या रांगेतून अनितानेही वाजवल्या.

गीतातली ती जागा लोक अजून नेल्सनची जागा म्हणूनच ओळखतात. मीही मान डोलावतो.

त्यानंतर अनिताने मला एकही चाल ऐकवली नाही. रुसली? छे. सणाला येते, नव्या गीतानंतर ते जुनं गीतही सगळ्यांबरोबर गाते, माझ्या ताटात आग्रहाने वाढते. तिचं ते वेड लहानपणीच सरलं असावं, अशी मी समजूत करून घेतली. सोयीची होती.

परवा दुपारी ती माहेरी आली होती. स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं. नवीन होतं, कुणाचंच नव्हतं — एवढं मला कळतं. मी दाराबाहेर भिंतीला धरून उभा राहिलो. मग राहवेना, आत गेलो.

ती थांबली.

"चहा टाकू, पप्पा?" हसून म्हणाली.

मी म्हटलं, टाक.